वारं अंगावरून गेलं, बधिरपणा मागे राहिला

हातातलं काम चालू राहू द्या. धान्य निवडत असाल तर निवडत बसा, पण कान इकडे असू द्या.

आज ज्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे, त्याला डॉक्टर पक्षाघात म्हणतात, कुणी अर्धांगवायू म्हणतं, आपण लकवा म्हणतो. जुनी माणसं म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं’. लकवा मारला त्या दिवसाबद्दल सगळेच बोलतात. गाडी कुणी काढली, कुठल्या दवाखान्यात नेलं, खर्च किती आला. पण माणूस घरी आल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने त्याच्या अंगात काय चाललेलं असतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

असं एक घर डोळ्यांपुढे आणा. आपल्या पिंपळगाव रेणुकाईतलं समजा, नाहीतर शेजारच्या एखाद्या गावातलं. सासूबाईंना लकवा होऊन आठ महिने झाले. आता त्या काठी धरून चालतात, बोलतात, आपल्या हाताने जेवतात. पाहुणे येतात आणि म्हणतात, “बरं झालं की!” पण त्यांच्या हातातून चहाचा कप सुटतो. बोटांची मूठ वळलेली राहते, उघडत नाही. रात्री पोटरी दगडासारखी होते. सून दमलेली असते. ती म्हणते, “आत्याबाई, हात तर हलतो तुमचा, मग कप कसा सोडता?” सासू म्हणते, “माय, हात दिसतो गं, पण तो कुठं आहे ते मला कळतच नाही.”

दोघीही खोटं बोलत नाहीत. सुनेला दिसतं तेही खरं आणि सासू सांगते तेही खरं. बधिरपणा आणि ताठरपणा ही दोन दुखणी बाहेरून दिसत नाहीत, म्हणून घरात भांडणं होतात. आजारी बाईला आळशी म्हणतात, नाटकी म्हणतात. आज आपण हेच समजून घेऊ: हे का होतं, आणि घरच्या घरी काय करता येतं.

बिघाड हातात नाही, मेंदूत आहे

विहिरीवरची मोटर चांगली आहे, पाइप चांगला आहे, पण स्टार्टर जळाला तर पाणी येतं का? लकव्यात तसंच होतं. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गाठ अडकते किंवा नळी फुटते. तिथला मेंदूचा भाग मरतो. उजव्या मेंदूच्या ताब्यात डावं अंग असतं आणि डाव्या मेंदूच्या ताब्यात उजवं. म्हणून उलट्या बाजूचा हातपाय जातो. हात स्वतः बिघडलेला नसतो. त्याला येणारा आणि त्याच्याकडून जाणारा निरोप तुटलेला असतो.

निरोप दोन बाजूंनी चालतात. हाताकडून मेंदूकडे जाणारा निरोप सांगतो, ‘हे गरम आहे, हे टोचतंय, मी इथे आहे.’ तो तुटला की बधिरपणा येतो. कुणाला मुंग्या येतात, कुणाला अंगावर जाड कापड गुंडाळल्यासारखं वाटतं. कुणाला तर त्याच जागी आग होते, साधा पदर लागला तरी झोंबतं. मेंदूचा भाव-जाणिवेचा भाग दुखावल्यामुळे असं होतं. ते सोंग नसतं.

दुसरा निरोप मेंदूकडून खाली येतो. त्यात नुसतं ‘हल’ असं नसतं, ‘जरा आवर’ असंही असतं. गाडीचा बैल चालतो तो जोरावर, पण नीट चालतो तो कासऱ्यावर. लकव्यात हा कासरा सुटतो. मग स्नायू आपोआप आवळतात, हात कोपरात वाकून छातीशी येतो, मूठ मिटते, पाऊल आत वळतं आणि टाच जमिनीला टेकत नाही. याला ताठरपणा म्हणायचं.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिल्या काही दिवसांत हात लुळा असतो. ताठरपणा बहुतेक वेळा नंतर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येतो. घरच्यांना वाटतं, बरं होता होता पुन्हा बिघडलं. ते घाबरतात, डॉक्टर बदलतात, औषधं बंद करतात. ताठरपणा येणं म्हणजे दुसरा झटका नव्हे. मात्र तो तसाच सोडला तर सांधा आखडून कायमचा वाकडा होऊ शकतो, म्हणून रोज लक्ष द्यावं लागतं.

जोर लावू नका, हळू करा

आवळलेला स्नायू झटक्याने ओढला की तो आणखी आवळतो. जितकी घाई, तितका ताठरपणा. म्हणून पहिला नियम: हळू.

मूठ उघडायची असेल तर बोटांची टोकं धरून ओढू नका. बाईला बसवा, हात मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवा. आधी मनगट तळव्याच्या बाजूला थोडं वाकवा, म्हणजे बोटं आपोआप सैल पडतात. मग अंगठा मुळापासून बाहेर घ्या. मग बोटं उघडा, आणि उघडलेल्या बोटांसकट मनगट हळूहळू सरळ करा. अर्धा मिनिट तसंच धरा. चार-पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा. दुखलं तर थांबा.

पायासाठी बाईला सरळ निजवा. गुडघा सरळ ठेवून टाच आपल्या तळहातात धरा, तिचा तळपाय आपल्या हातावर टेकवा आणि पाऊल तिच्या तोंडाच्या दिशेने सावकाश ढकला. इथेही अर्धा मिनिट.

खांद्याची विशेष काळजी घ्या. लकव्याच्या बाजूचा खांदा ढिला पडतो. उठवताना त्या हाताला किंवा बगलेत हात घालून ओढलं तर खांदा निसटतो आणि महिनोन्‌महिने दुखतो. उठवताना कमरेला धरा. बसल्यावर हात लोंबकळू देऊ नका, उशीवर ठेवा. झंपर घालताना आधी दुखरा हात बाहीत, मग चांगला. काढताना आधी चांगला, मग दुखरा. पुढून उघडणारा, थोडा सैल झंपर शिवून घेतला तर रोजचा निम्मा त्रास वाचतो.

मिटलेल्या मुठीत घाम साचतो, वास येतो, नखं तळव्यात रुततात. रोज मूठ उघडून धुवा, कोरडी करा, नखं कापा. आत मऊ कापडाची सुरळी ठेवा. हात आवळलेला असताना ‘चेंडू दाब, चेंडू दाब’ असा आग्रह धरू नका. मूठ मिटायला ती बाई शिकलेलीच आहे, तिला उघडायला शिकवायचं आहे.

आणि ताठरपणा एकाएकी वाढला तर कारण शोधा. बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, कुठे जखम, रुतलेलं नख, ताप, थंडी, अपुरी झोप, घरातली कटकट, यातल्या कशानेही अंग जास्त आवळतं. बधीर जागी जखम झालेली तिला कळतही नाही, पण पाय आखडून तो निरोप देत असतो.

बधीर अंगाला डोळ्यांचा आधार

हाताला कळत नाही, तेव्हा डोळ्यांनी बघायचं. ही सवय घरात सगळ्यांनी लावून घ्यायची.

अंघोळीचं पाणी नेहमी चांगल्या हाताने बघा. चुलीजवळ, गॅसजवळ बधीर हाताची बाजू ठेवू नका. चहा कानाच्या कपात, चांगल्या हातात. शेकायला गरम विटा, गरम पाण्याची पिशवी बधीर अंगावर ठेवू नका. कातडी भाजून फोड येतो तरी कळत नाही.

आपल्या गावात मिरचीचा बाजार भरतो. तोडणीच्या आणि निवडणीच्या दिवसांत घरोघरी मिरची असते. बधीर हाताला तिखट झोंबत नाही, पण तोच हात डोळ्याला लागला की डोळ्याला झोंबतं. तेव्हा मिरचीचं काम चांगल्या हातानेच, तेही हातमोजा घालून. तिखट लागलंच तर आधी गोडं तेल चोळा, मग साबणाने धुवा. तिखटाचा अंश नुसत्या पाण्याने निघत नाही.

अनवाणी वावरात जाऊ नका. पऱ्हाटीचं खुंट पायात घुसलं तरी समजत नाही. सपाता निसटतात, म्हणून मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला. रोज रात्री उजेडात तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघा. साखरेचा आजार असेल तर हे एक दिवसही चुकवू नका.

हाताला पुन्हा शिकवणं

मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. पण शेजारचे भाग थोडंथोडं काम शिकतात. एखाद्या शेताचा रस्ता बुजला की लोक बांधावरून जातात, आणि रोज गेलं की तिथे पायवाट पडते. तसंच आहे हे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते. त्यानंतर वेग मंदावतो, पण दार बंद होत नाही. वर्षानंतरही सराव केल्यावर फरक पडलेली माणसं आहेत.

यासाठी महाग यंत्र लागत नाही. परातीत ज्वारी घ्या. बधीर हात त्यात घाला, फिरवा. मग हरभरा, मग कापूस, मग गोणपाट, मग मऊ लुगडं. आधी डोळे उघडे ठेवून बघत करायचं, मग डोळे मिटून ओळखायचं. ज्वारीत चमचा, बटण, किल्ली लपवा आणि शोधायला सांगा. नातवंडं असतील तर त्यांच्यासाठी हा खेळच होतो. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरेत. कंटाळा आला की थांबायचं.

हात थोडा हलत असेल तर त्याला रोजच्या कामात सोबत घ्या. दोन्ही हातांनी लाटणं पुढे-मागे ढकलणं. फडक्याने ओटा पुसणं. चांगल्या हाताने निवडताना दुखऱ्या हाताने सूप धरून ठेवणं. खुर्चीवरून दोन्ही टाचा टेकवून सावकाश उठणं-बसणं, जवळ कुणीतरी उभं असताना.

आणखी एक उपाय आरशाचा. मूळचे तमिळनाडूचे मेंदूतज्ज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात तो हात तुटलेल्या रुग्णांसाठी काढला, पुढे लकव्यातही वापरला जाऊ लागला. दोन्ही हातांच्या मधे आरसा उभा ठेवायचा. दुखरा हात आरशामागे. चांगला हात आरशापुढे हलवायचा आणि आरशात बघायचं. डोळ्यांना वाटतं, दुखराच हात हलतोय, आणि मेंदूला सराव होतो. रोज पंधरा-वीस मिनिटं. घरातला साधा आरसा चालतो, फक्त तो घट्ट टेकवा, कडेने हात कापू नये.

जोतिबांचा डावा हात

आपल्यापैकी प्रत्येकीला सावित्रीबाई आणि जोतिबा माहीत आहेत. पण १८८८ साली जोतिबांना पक्षाघाताचा झटका आला होता, हे थोड्यांना ठाऊक असतं. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली होती, आणि थोड्याच दिवसांत त्यांची उजवी बाजू गेली. लिहिता हात गेला. त्या काळात ना रक्तदाबाची गोळी, ना फिजिओथेरपी. सावित्रीबाई सोबतीला होत्या. जोतिबांनी डाव्या हाताने लिहायला घेतलं आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक त्यांच्या मागे १८९१ मध्ये छापून निघालं.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, चांगल्या हाताला नवं काम शिकवण्यात कमीपणा नाही. दुसरी, ज्याला लकवा झाला त्याचं डोकं आणि मन अनेकदा शाबूत असतं. त्याला विचारून काम द्या, घरातल्या निर्णयात घ्या. कोपऱ्यात खाटेवर बसवून ठेवलेल्या माणसाचं अंग लवकर आखडतं, आणि मनही. सारखं रडू येत असेल, कशात जीव लागत नसेल, तर तोही या आजाराचाच भाग असू शकतो. डॉक्टरांना सांगा. १४४१६ या सरकारी टेलिमानस नंबरवर मराठीतही बोलता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

काय करू नये

लकव्यावर कबुतराचं रक्त चोळणं, कबूतर खायला घालणं, तापलेल्या सळईचा डाग देणं, हे अजून चालतं. रक्त चोळून मेंदूतला निरोप जोडला जात नाही. डाग दिलेली बधीर कातडी मात्र पिकते, आणि ताठरपणा वाढतो. तेल लावायचं तर हलक्या हाताने लावा, अंगाला आराम पडतो. पण तेल म्हणजे व्यायाम नव्हे, आणि रगडणं म्हणजे उपचार नव्हे. देवीला जा, नवस फेडा, कुणाची हरकत नाही. फक्त रक्तदाबाची गोळी त्या दिवशीही घ्या.

ताठरपणा कमी करणाऱ्या गोळ्या असतात. बॅक्लोफेन, टिझानिडीन अशी त्यांची नावं तुमच्या चिठ्ठीवर दिसतील. त्यांनी झोप येते, कधी अशक्तपणा येतो, पडायला होतं. तसं झालं तर डॉक्टरांना सांगून प्रमाण बदलून घ्या. बॅक्लोफेन तर मनाने एकदम बंद करायची नाही, त्याने झटके येऊ शकतात. एखाद्याच ठिकाणी फार आवळत असेल तर स्नायूत द्यायचं इंजेक्शनही असतं, मोठ्या दवाखान्यात. आग होणं, झोंबणं यासाठी वेगळ्या गोळ्या असतात. साध्या दुखण्याच्या गोळ्यांनी ती आग सहसा थांबत नाही, म्हणून मेडिकलमधून त्याच त्या गोळ्या आणून खाऊ नका. किडनीला त्रास होतो, रक्तदाबही वाढतो.

दुसरा झटका येऊ नये म्हणून

लकवा हा फक्त शहरातल्या, बसून खाणाऱ्या लोकांचा आजार नाही. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. २०१५ साली छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं की दर सात मृत्यूंमागे एक लकव्याने झाला होता, आणि त्यातले बहुतेक लोक घरीच गेले. इतर कुठल्याही एका कारणापेक्षा लकव्याने जास्त माणसं नेली.

ज्याला एकदा झटका आला, त्याला पुन्हा येण्याचा धोका असतो. म्हणून रक्तदाब आणि साखर नियमित मोजा. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात हे फुकट होतं, आशाताईंना विचारा. बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका. मीठ दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा, त्यातच लोणचं, पापड आणि ठेच्याचं मीठ आलं. तंबाखू आणि मशेरी बंद. मशेरी दातांसाठी लावली तरी ती तंबाखूच आहे.

तोंड वाकडं झालं, एक हात वर उचलून राहत नाही, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूला एकाएकी नवा बधिरपणा आला, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा. तोंडात पाणी, गोळी काही घालू नका. पोटरी एकाएकी सुजली, लाल झाली, दुखू लागली, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ती पोटरी चोळू नका.

गटाने काय करावं

फिजिओथेरपी म्हणजे व्यायामाचा उपचार. त्यासाठी भोकरदनचं ग्रामीण रुग्णालय, जालन्याचं जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी इथे चौकशी करा. रोज जाणं कुणालाच जमत नाही. म्हणून एकदा-दोनदा जा, सोबत घरातली एक व्यक्ती न्या, आणि तिथले व्यायाम फोनवर चित्रित करून आणा. हात धरून ठेवणारी पट्टी किंवा पायाचा आधार लागेल का, हेही तिथेच विचारा.

अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड मिळतं. त्यावर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलमध्ये अर्ज करता येतो, तिथे उत्पन्नाची अटही बघतात. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. ग्रामसभेत तो मागा. शौचालयात धरायला एक दांडी बसवली तरी एखादी बाई पडायची वाचते.

आणि शेवटचं, जे फक्त तुम्हीच करू शकता. तुमच्या गटात, तुमच्या गल्लीत लकवा झालेली एखादी बाई असेलच. तिची सेवा करणारी सून किंवा लेक सकाळी वावरात, दुपारी स्वयंपाकात आणि रात्री तिच्या पायाशी असते. आठवड्यातून एक दुपार गटातल्या दोघींनी तिथे जा. एकीने ज्वारीची परात घेऊन आजारी बाईजवळ बसा. दुसरीने सुनेला सांगा, “तू तासभर झोप.” ताठरपणा हळुवार हाताने सुटतो, पण दमलेल्या बाईचा हात हळुवार राहत नाही.

पाहुणी म्हणून गेलात तर “बरं झालं की” असं म्हणू नका. विचारा, “हाताला आज काय कळतंय?” आणि ती सांगेल ते खरं माना.